चष्म्यातला हिरवा दिवा

नाही, स्वप्नालीताई, हा कागद मी तुम्हाला देणार नाही. छापून निघाला असला तरी देणार नाही. — बसा. पर्स खाली ठेवा आणि बसा जरा. गडहिंग्लजची साडेपाचची गाडी म्हणालात ना, आत्ता साडेतीनसुद्धा वाजलेले नाहीत, आणि कंडक्टरबाईला एसटीचं वेळापत्रक मी कशाला समजावू. — रिपोर्टात खोट काय, असं विचारताय? खोट हीच, की त्यात खोट नाही. डावा कान तुमचा आजारी, मेनिएरचा, तो आलाय तसाच, खालीवर. उजवा मात्र असा आलाय की विद्यार्थ्यांच्या पुस्तकात छापावा. दहा डेसिबल, दहा, दहा, दहा — या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीनं आखलेली रेघ. बारा वर्षं इंजिनाच्या घरघरीत उभ्यानं तिकिटं देणाऱ्या बाईचा कान असा नसतो. जिवंत माणूस चुकतो हो — एखादा आवाज ऐकूनही बटण दाबायचं विसरतो, एखादा नसतानाच दाबतो. तुम्ही एकदाही चुकला नाहीत. म्हणून मी शेवटी एक केलं. आवाज बंद केला आणि नुसतीच कळ दाबली. तीन वेळा. तीनही वेळा तुम्ही बटण दाबलंत. — काय ऐकलंत तेव्हा? — हं.

माफी नका मागू. मी काही तिकीट तपासायला गाडीत चढलेली नाही. मी कळ दाबली की यंत्रावर हा एवढासा हिरवा दिवा लागतो, तो माझ्या चष्म्याच्या काचेत उमटतो, आणि त्या बंद खोलीत बसलेल्या माणसानं काचेतून मान जराशी वळवून पाहिलं की त्याला तो दिसतो. खुर्ची मी तिरकी ठेवते, पण ज्याला बघायचंय तो वळतोच. — मग झाकून का टाकत नाही? बरोबर आहे, बोटभर चिकटपट्टीचं काम. मुद्दाम लावत नाही. ज्याला भीती नसते तो डोळे मिटून बसतो. चष्म्यात बघणाऱ्याला आपल्या कानाचा निकाल आधीच ठाऊक असतो. हे मला सहा वर्षांपूर्वी कळलं, आणि ते ज्या किमतीला कळलं — असो.

डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय ते मीच सांगते, तुम्ही नुसती मान हलवा. चक्कर थांबवायला डाव्या कानात, पडद्यातून, इंजेक्शन देता येईल. — हं. त्यानं त्या कानातला तोल सांभाळणारा भाग निकामी होतो, म्हणून भोवंड थांबते. — हं. पण त्याबरोबर त्या कानात उरलंसुरलं ऐकणंही जाण्याचा धोका असतो, म्हणून उजवा कान धडधाकट असेल तरच तो विचार करायचा. — आणि तुम्हाला ते एवढंसं ‘असेल तर’ ओलांडून पलीकडं जायचंय. मला कळत नाही असं समजू नका. आंबोली घाटात गाडी वळली आणि तुमचा हातातला दांडा सुटला, तुम्ही एका म्हाताऱ्याच्या मांडीवर जाऊन पडलात आणि मागून कुणीतरी म्हणालं की बाई टाकून आलीय — हे मघाशी तुम्हीच सांगितलंत. हसत हसत सांगितलंत, पण सांगितलंत. ज्याला जमीन पायाखाली राहील याची खात्री नाही त्याला कान ही चैन वाटते. तो म्हणतो, घ्या तो कान, पण मला उभं राहू द्या.

दुसऱ्या कानाला होण्याची शक्यता किती, हे तुम्ही आल्या आल्या विचारलंत आणि मी ‘बघू’ म्हणाले. ‘बघू’ हे उत्तर नव्हे, तेव्हा आता नीट सांगते. कुणाच्या अभ्यासात दहांतल्या एकादोघांचा दुसरा कान बिघडतो, कुणाच्या अभ्यासात चौघापाचांचा. आकडे एवढे फाकलेत, कारण कुणी माणसांचा माग दोन वर्षं ठेवला, कुणी वीस. जितकं जास्त थांबावं तितके जास्त सापडतात. — तुमचं? तुमचं मला माहीत नाही, ताई. कुणालाच माहीत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगेल त्याची पायरी चढू नका. बहुतेकांचा कान पूर्ण जात नाही, हेही तितकंच खरं. भीती घालायला मी बसलेली नाही. उद्याचं मोजता येत नाही. आज उजवा कान कसा आहे एवढंच मोजता येतं. तेवढं एकच आपल्या हातात असतं, आणि तेच तुम्ही — जाऊ दे. पाणी घ्या.

एका पेशंटचं सांगते. नाव कशाला हवं, मिस्त्री म्हणू. डिझेल इंजिनांचे मिस्त्री, उचगाव फाट्याला पत्र्याचं वर्कशॉप. ट्रॅक्टर, मोटा ओढायच्या जागी आलेली ती जुनी पंपाची इंजिनं, गुऱ्हाळाचे चरक फिरवणारी धुडं — ज्याला कुणाला दुखणं सापडेना त्यानं यांच्याकडं यावं. आणि यांची रीत काय, तर हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, पातं चालू इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर. डोळे मिटायचे. भोवताली चार माणसं श्वास रोखून उभी. मग सावकाश म्हणायचे, ‘तिसऱ्या नंबराचं बेअरिंग हाय. खोला.’ खोललं की तिसऱ्याच नंबराचं निघायचं. आवाज हाडातून आत जातो, यावर मी पुढं विद्यापीठाच्या परीक्षेत दहा पानं लिहिली. मिस्त्री चौथी शिकलेले. ती मूठ नेहमी डाव्या कानामागं. आणि गेला तो पहिला डावाच. आधी दडा बसायचा, मग आत कुणीतरी स्टोव्ह पेटवल्यासारखा आवाज, मग सगळं गरगर. मीठ तोडा म्हटलं तर म्हणाले, ‘बिनमिठाचंच जेवायचं असंल तर सरळ डिझेलच्या पंपावर जातो की, टाकी भरून घेतो.’ डॉक्टरसुद्धा हसले. त्यानंतर आठ दिवसांनी ते वर्कशॉपच्या खड्ड्यात पडले, गाडीखाली उतरायचा खड्डा असतो ना, त्यात. मनगट मोडलं. तेवढ्यानं खचले नाहीत. खचले ते यानं, की वर काढणाऱ्यानं त्यांचं तोंड हुंगून बघितलं. पाच वेळच्या नमाजातला माणूस. त्या दिवशी घरी आले आणि मला म्हणाले, ‘मुबा, त्ये इंजेक्शन काय म्हनत्यात त्ये दे बाबा मला.’

— हो. मुबा म्हणजे मी, मुबशिरा. दिलदार मिस्त्री माझे वडील. सांगायचं नव्हतं, पण आता सांगितलंच आहे तर आडपडदा कशाला. घरात आम्ही आमची दखनी बोलतो. इंजिन, दुखणं आणि राग यांच्यासाठी मात्र अब्बांची भाषा पहिल्यापासून मराठी. मी हा अभ्यास घेतला तोसुद्धा त्यांच्या त्या स्क्रू-ड्रायव्हरमुळे. लहानपणी त्यांनी एकदा मूठ माझ्या कानामागं टेकवली होती. आख्खं इंजिन माझ्या डोक्यात उतरलं. ‘आइकलीस का, आत कोन बोलतंय?’ म्हणाले. मला वाटलं, बाकीची माणसं बहिरीच आहेत.

तर उजवा कान. त्यांचा उजवा कान बिघडायला लागलाय हे मला चाचणीच्या आधीच कळायला हवं होतं — कळायला हवं होतं हे चूक, कळलं होतं. मेनिएर पहिल्यांदा खालचे, जाड आवाज खातो. आणि अब्बा तेव्हा महिनाभर गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवून मग विचारायचे, ‘चालू हाय का रं?’ आधी विचारायचे नाहीत, आधी हात. मी ते दोनदा पाहिलं आणि दोनदाही चहाचा कप विसळायला आत गेले. मग सोमवारी त्यांना इथं आणलं. दुसरीकडं चाचणी करा असं मी म्हटलं होतं, त्याला साक्षी अम्मी आहे. ‘पोटची पोरगी साऱ्या कोल्हापूरचं कान बघतीया आन् मी परक्याच्या दारात जाऊ व्हय?’ आपल्या माणसाची चाचणी आपण करू नये, हे मी शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते. त्या दिवशी केली. तुम्ही मघाशी बसला होता त्याच खुर्चीत.

हजार हर्ट्झचा आवाज त्यांनी बरोबर घेतला, दोन हजाराचाही. मग मी खाली, जाड आवाजांकडं आले, पाचशेला, अडीचशेला. अगदी बारीक, दहा डेसिबलला सोडला — नाही. वीसला — नाही. तिसाला — नाही. मी मान वर केली आणि पाहिलं, तर अब्बा माझ्याकडं बघत होते. माझ्याकडं नव्हे, माझ्या चष्म्याकडं. इंजिनाकडं बघतात तसं, एक डोळा जरासा बारीक करून. पुढचा आवाज मी परत दहाला सोडला, आणि त्यांनी दाबलं. पुन्हा सोडला, पुन्हा दाबलं. मग मी तेच केलं जे आज तुमच्या बाबतीत केलं — आवाज बंद, नुसती कळ. दाबलं. एकदाच करून पाहिलं मी. दुसऱ्यांदा करायची गरज नव्हती.

— मग काय केलं, हेच विचारताय ना? चष्मा काढायला हवा होता. यंत्र फिरवून घ्यायला हवं होतं. दार उघडून म्हणायला हवं होतं, अब्बा, उठा, मला कळलंय. यातलं काहीच अवघड नव्हतं. मी फार थकलेली होते, असं बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले. पण सकाळचे अकरा वाजले होते आणि ते दिवसातले पहिलेच पेशंट. मी थकलेली नव्हते. मी — हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला का सांगतेय तेही मला ठाऊक नाही — मी हनुवटी जरा वर उचलली. दिवा त्यांना नीट दिसावा म्हणून. पुढचे सगळे आवाज मी तशीच, मान ताठ ठेवून घेतले. फोटोला बसल्यासारखी. त्यांना ती रेघ हवी होती, आणि ताई, मलाही हवी होती. दहा, दहा, दहा. आखून झाल्यावर मी ती पाहिली आणि एक क्षण, खोटं नाही सांगत, मला ती खरी वाटली. बाहेर आले तर अब्बा खुशीत. ‘हाय की न्हाय कान शाबूत?’ आहे की, म्हटलं.

डॉक्टरांचा यात काडीचा दोष नाही. एरवी ते अशा वेळी खात्रीसाठी आणखी एक तपासणी करून घेतात, पेशंटनं बटण दाबायची गरजच नसलेली. त्यांनी सहीखालचं नाव पाहिलं आणि म्हणाले, मुबशिरानं काढलाय ना, मग दुसऱ्याची गरज नाही. माझ्या काटेकोरपणाची ख्याती आहे या गावात. इंजेक्शन दिलं. चक्कर थांबली — ते काम त्या औषधानं चोख केलं, अब्बा रमजानात घरच्या गच्चीवर पाय न डळमळता चढले, अम्मीनं नजर काढली. डावा कान सहा आठवड्यांत गेला. त्याच्यात पूर्वी निम्मंअर्धं ऐकू यायचं, यंत्र लावून भागलं असतं. हिशोब असा होता की उजवा आहेच. वर्षभरात उजवाही गेला, पायरीपायरीनं, दर खेपेला वाटायचं की आता इथं थांबेल. आतून बसवायचं यंत्र असतं, त्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, ‘बास. आता माझ्या डोस्क्यात कुनी पाना घालायचा न्हाय.’ — आधी कळलं असतं तर काय झालं असतं? कदाचित तोच उजवा कान तरीही गेला असता. पण डावा आम्ही हातानं घालवला नसता. निम्मा कान. निम्म्या कानात माणूस आपल्या बायकोची हाक ओळखतो, ताई.

अजून वर्कशॉपला जातात. स्क्रू-ड्रायव्हर घेतात, पातं इंजिनावर टेकवतात, आणि मूठ आता दातात धरतात. दातांत थरथर कळते म्हणतात. मागं गडहिंग्लजकडचे पिराजीमामा आले होते, जुनं गिऱ्हाईक, ऊसवाले, ट्रॅक्टर घेऊन एवढ्या लांब. अब्बांनी मूठ दातात धरली, डोळे मिटले, बराच वेळ उभे राहिले आणि सांगितलं, ‘पंपात हवा धरलीया.’ मामा म्हणाले, व्हय मिस्त्री, माझाबी त्योच अंदाज. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, ‘पोरी, रेडिएटर फुटलाय गं, पानी गळतंय, डोळ्यानं दिसतंय. निपाणीत दावतो जाता जाता.’ आणि पंधरा दिवसांनी मिठाईचा पुडा घेऊन परत आले, मिस्त्रींनी बरोबर ओळखलं म्हणून. अब्बांनी तो पुडा अख्ख्या गल्लीला वाटला. त्यांना खोटा रिपोर्ट देणारी मी एकटीच नाही. पण मामांच्या खोट्यानं कुणाचं काही गेलं नाही.

आणि तुम्हाला वाटत असेल, एवढं सगळं झाल्यावर ते मला काही बोलले असतील. बोलतात ना. दर जुम्म्याला बोलतात. नमाजाहून येतात, टोपी काढून खुंटीला लावतात, माझ्यासमोर बसतात आणि म्हणतात, ‘मुबा, मी तुला फसिवलं गं. तुज्या चष्म्यात दिवा दिसत हुता. त्यो बगून दाबत हुतो मी. तू एवढी शिकलेली, तुला बी फसिवलं.’ स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे सदर बाजारात आमच्या अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. भिंतीला भिंत आहे. शेजारच्या बनाबाई मला एकदा म्हणाल्या, लेक असावी तर अशी, बापानं एवढं फसवलं पण पोरीनं कधी आवाज चढवला नाही. — मी काय उत्तर देते? त्यांच्याशी बोलायचं तर लिहून द्यावं लागतं, पाटी ठेवलीय, शाळेतली. पहिल्या जुम्म्याला त्यांनी हात जोडले — बापानं, माझ्यापुढं — आणि मी पाटीवर लिहिलं, ‘मी माफ केलं.’ लिहून दिलं. स्वच्छ अक्षरात, विरामचिन्हासकट. त्यांनी ती पाटी वाचली, दोनदा वाचली, पुसली नाही. उशाशी ठेवून झोपले. दुसऱ्या दिवशी अम्मीला नवी पाटी आणावी लागली.

खरं वाक्य तीन शब्दांचं आहे, ‘मला दिसत होतं’. मी लोकांचे प्रबंध तपासते, मला तीन शब्दांचं वाक्य अडू नये. सहा वर्षं अडलंय. आधी वाटायचं, कळलं तर त्यांना काय वाटेल. आता वाटतं, त्यांच्याजवळ राहिलंय काय, तर आपण लेकीला फसवलं हा एक गुन्हा आणि तिनं तो पोटात घातला ही एक माया. त्यातलं काय काढून घेऊ? — नका, हात नका धरू. बसा तुम्ही. मी ठीक आहे. हे तुम्ही इथून बाहेर बोलू नये अशी अपेक्षा आहे. बोललात तर बोललात.

आता माझ्याकडं बघून सांगा — चष्म्याकडं नको, डोळ्यांकडं. उजव्या कानाला दडा कधीपासून बसतोय? — हं. — रोज? — दिवाळीच्या आधीपासून. बरं. आणि घरात माहीत आहे कुणाला? — नवऱ्यालाही नाही. बरं. रडायचं असेल तर आत्ताच रडून घ्या, ताई, आणि नाक शिंकरून या. नाक भरलं की कानाचं माप बदलतं, मग मला तुम्हाला उद्या परत बोलवावं लागेल. — दडा बसला म्हणजे मेनिएरच असं नाही. इंजेक्शन मिळणारच नाही असंही नाही. इतर उपाय आहेत, डॉक्टर ठरवतील, आणि चिठ्ठीसोबत मी त्यांना स्वतः फोन करीन. ती दुसरी तपासणीही करा म्हणून सांगेन, माझी सही असली तरी. पण त्यांच्यापुढं जो कागद जाईल तो खरा जाईल. हा पहिला — हा बघा, फाडला.

चला. खुर्ची भिंतीकडं फिरवलीय, तशीच राहू दे. तांबडा हेडफोन उजव्या कानाला. आवाज अगदी बारीक असेल, आहे की नाही अशी शंका यावी इतका; शंका आली तरी दाबा, ते चालतं. नाहीच आला तर हात मांडीवर राहू दे. न दाबण्यात लाज काही नाही. घाई तर मुळीच नाही, साडेपाचची चुकली तर सहाची आहे. आणि हा माझा चष्मा, इथं टेबलावर, पालथा. मला यंत्राचे आकडे तोंडपाठ आहेत.

दार लावते. ते लागलं की बाहेरचं बोलणं आत येत नाही, काही सांगायचं झालं तर मी हेडफोनमधून सांगेन.

लागलं. — स्वप्नालीताई? ऐकू येतंय का माझं? — नाही. बरं.

अब्बा, मला दिसत होतं.

— हं. उजवा कान. एक हजारापासून.